नावेतला संडास काठापासून सुरू होतो

खान्देशात नावेचा विषय काढला की माणसं आधी हसतात. वैशाखात तापीच्या पात्रात वाळूचे ट्रॅक्टर उतरतात, तिथं नाव कसली, असं त्यांना वाटतं. पण भुसावळच्या वरच्या अंगाला हतनूरचा फुगवटा आहे, शहादा भागात सारंगखेडा आणि प्रकाशाचे बॅरेज आहेत, नवापूर तालुक्यात उकाईचं पाणी शिरलेलं आहे. आणि सातपुड्याच्या पलीकडच्या उतारावर, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांच्या कडेला, सरदार सरोवराचा जलाशय आहे. त्या धरणात आपल्या राज्याची ३३ गावं सापडली, सगळी नंदुरबार जिल्ह्यातली. जी माणसं डोंगरावर सरकून तिथंच राहिली, त्यांच्यापैकी कित्येक पाड्यांना आज बाजार, दवाखाना, रेशन, सगळं पाण्यावरूनच गाठावं लागतं. राज्यातला पहिल्या क्रमांकाचा विधानसभा मतदारसंघ अक्कलकुवा. मणिबेलीसारख्या गावात मतदान घ्यायचं तर यंत्रं आणि कर्मचारी बार्जमध्ये बसवून न्यावे लागतात. तिथं नाव म्हणजे एसटी आहे.

या नावांमधल्या संडासाबद्दल मला लिहायचं आहे. विषय नाक मुरडण्यासारखा आहे, म्हणूनच तो आजवर कोणी नीट हाताळलेला नाही.

त्या भागात काम केलेल्या एका नर्सताईला मी विचारलं होतं, दिवसभर बोटीवर असता, मग सोय काय? ती धुळ्याकडची. हसून म्हणाली, "पानीच नही पेवानं, मंग काही कटकट नही." तिच्या पिशवीत पाण्याची बाटली होती, भरलेली. सकाळी निघताना भरायची आणि संध्याकाळी तशीच परत न्यायची, हा तिचा नेम. भोवती डोळे दिपतील एवढं पाणी, मे महिन्यातलं ऊन, आणि बाई घोटभर पाणी प्यायला भीत होती. असं वर्षानुवर्षं केलं की लघवीची जळजळ, वारंवार होणारा संसर्ग, मुतखडा, सगळं मागं लागतं. हे सांगायला डॉक्टर लागत नाही, आणि ती तर स्वतःच आरोग्य खात्यातली.

पुरुषांची अडचण वेगळी, किंवा त्यांना ती अडचण वाटत नाही. ते बोटीच्या कडेला उभे राहतात. एका हातानं काहीतरी धरलेलं, दुसरा हात गुंतलेला, पायाखाली ओली फळी, आणि लाईफ जॅकेट हमखास बाकाखाली. माणूस बोटीतून पाण्यात पडण्याची ही जुनी आणि जगभर ठाऊक असलेली तऱ्हा आहे. आपल्याकडे ती अपघातात मोजली जात नाही, एवढंच.

तिसरी माणसं म्हणजे रुग्ण. पावसाळ्यात पाड्यावरून दवाखान्याकडे बोटीनं आणल्या जाणाऱ्यांत हगवणीचे रुग्ण असणारच. कळा सुरू झालेली बाळंतीण असते. तिला तास-दोन तास बसवून आणायचं, आणि मध्येच लागली तर बादली पुढं करायची. मग बादली रिकामी कुठं होते? बाजूलाच, पाण्यात. तेच पाणी पुढच्या पाड्यावर हंड्यात भरलं जातं. म्हणजे रोगी दवाखान्यात पोचला, पण रोग बोटीनं वाटेतच उतरवून ठेवला.

आता बोट घ्यायची म्हटलं की चर्चा कशाची होते? इंजिन किती हॉर्सपॉवरचं, माणसं किती बसतील, छत पत्र्याचं की फायबरचं, उद्घाटनाला कोण येणार. फारच कोणी जागरूक निघाला तर म्हणतो, एक टॉयलेटही टाका. मग मागच्या कोपऱ्यात एक खोपटं उभं राहतं, त्यात पांढरं भांडं, आणि भांड्याखाली पाइप. तो पाइप कुठं जातो, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. माझं म्हणणं एवढंच आहे की नावेतला संडास अर्धा नावेत असतो आणि अर्धा काठावर. काठावरचा अर्धा आधी ठरला नाही, तर नावेतला अर्धा फक्त घाण झाकायच्या कामाचा. पडद्याआड बसायची सोय होते, एवढाच फायदा. मैला जायचा तिथंच जातो.

हे आपल्याला नवीन नाही. भुसावळच्या माणसाला विचारा. कितीएक दशकं रेल्वेच्या डब्यातल्या संडासाला खाली फक्त भोक होतं. 'स्टेशनात गाडी थांबली असता शौचालयाचा वापर करू नये' अशी पाटी लावून रेल्वेनं आपलं कर्तव्य संपवलं होतं. खाली रूळ गंजत होते, आणि ते साफ करायला हातात झाडू घेतलेली माणसं होती. पुढं संरक्षण संशोधन खात्यानं, म्हणजे डीआरडीओनं, विकसित केलेल्या जिवाणूंच्या टाक्या डब्यांखाली आल्या आणि चित्र बरंच बदललं. पण २०१७ च्या कॅगच्या अहवालानं या जैविक संडासांच्या तक्रारींवरही बोट ठेवलं. टाक्या तुंबतात, प्रवासी त्यात बाटल्या आणि चिंध्या टाकतात, देखभाल अपुरी पडते. डबा बदलला, तरी डबा जिथं उभा राहतो ते यार्ड तयार नसेल तर यंत्र फसतं. नावेचंही तेच होईल, आणि नावेला तर यार्डच नाही.

कायद्याचं म्हणाल तर कायदा आपल्या पुढं आहे. १९१७ चा जुना कायदा रद्द करून संसदेनं २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयान कायदा केला. त्यात यांत्रिक नौकांनी पाण्यात घाण सोडू नये यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे, आणि नौकेवरची घाण उतरवून घेण्याची सोय प्रवासी धक्क्यांवर करण्याचा विचारही त्यात आहे. म्हणजे काठाचं काम दिल्लीला सुचलं होतं. अडलंय ते गावापर्यंत येताना. नर्मदेच्या त्या काठावर प्रवासी धक्का म्हणजे काय असतं, तर बोटीचं नाक चिखलात घुसवायचं आणि फळी टाकायची.

मोठ्या जहाजांचे आंतरराष्ट्रीय नियम इथं उसने आणून चालत नाही. मार्पोल करारात प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पलीकडे, चालत्या जहाजातून, हळूहळू सोडायला परवानगी आहे. समुद्र मोठा आहे, तो पचवतो, हे त्यामागचं गृहीतक. १२ सागरी मैल म्हणजे २२ किलोमीटर. दोन्ही काठांपासून तेवढं दूर जायचं तर जलाशय ४४ किलोमीटर रुंद हवा. सरदार सरोवर लांबीला दोनशे किलोमीटरच्या वर आहे, पण रुंदीला तेवढं कुठंच नाही. आपल्या पाण्यात 'मध्यभागी नेऊन सोडू' या वाक्याला काही अर्थ नाही. गोड्या पाण्याच्या जलाशयात नियम एकच असू शकतो : एक थेंबही नाही.

मग बोटीत काय बसवायचं? पहिली सूचना ठरलेली असते : फ्लश आणि खाली टाकी. परदेशातल्या हौशी बोटींवर हेच असतं. आपल्या बोटीवर त्याचा हिशेब करून बघू. बोटीवर दहा माणसं, दिवस आठ तासांचा. माणशी तीन वेळा जाणं धरलं आणि दर खेपेला हात आखडूनही दोन लिटर पाणी ओतलं, तर दिवसाला साठ लिटर झाले, वर मूळ ऐवज वेगळा. तीन दिवसांच्या फेरीला दोनशे लिटर, म्हणजे दोनशे किलो. तीन धडधाकट माणसं बोटीच्या एकाच कोपऱ्यात कायमची बसवून ठेवल्यासारखं. आणि ती स्वस्थ बसत नाहीत. अर्धी भरलेली टाकी म्हणजे डोक्यावर घेतलेली पाण्याची परात; बोट जिकडं कलली तिकडंच सगळं धावतं आणि कल आणखी वाढवतं. म्हणून टाकी घ्यायचीच असेल तर ती बुडाशी, मधल्या रेषेवर, आत आडवे पडदे घातलेली हवी. मागच्या कोपऱ्यात जागा उरली म्हणून तिथं ठेवलेली टाकी हा धोका आहे.

त्यात वास. टाकीत हवा खेळली नाही की मैला कुजतो आणि सडक्या अंड्याचा दर्प सुटतो. हवेचा पाइप बोटभर जाडीचा ठेवला तर टाकीचा श्वास कोंडतो. चांगला जाड पाइप हवा, शक्यतो दोन बाजूंना दोन, म्हणजे वारा आरपार जातो. आणखी एक गोष्ट बोट बांधणाऱ्यांना सांगितली पाहिजे, कारण आपला जळगाव जिल्हा पीव्हीसी पाइपांचा आहे आणि हाताशी मिळेल तो पाइप जोडायचा मोह इथं जास्त. साध्या मऊ होज पाइपातून पाणी गळत नाही, पण वास झिरपतो. संशय आला तर गरम पाण्यात फडकं पिळून ते पाइपावरून फिरवायचं, थोडं लांब जाऊन फडक्याचा वास घ्यायचा. फडक्याला वास लागला असेल तर पाइप पाझरतोय, मग कितीही फिनाईल ओता. कडक पाइप आणि कमीत कमी सांधे, हे याचं उत्तर.

एवढं सगळं नीट केलं, तरी टाकी उपसायची कुठं? इथं नर्मदेचा खरा तिढा येतो. सरदार सरोवराची पूर्ण भरलेली पातळी १३८.६८ मीटर, आणि पाणी उतरवायची किमान पातळी ११०.६४ मीटर. मधलं अंतर अठ्ठावीस मीटर, म्हणजे नऊ मजली इमारतीएवढं. दिवाळीत जिथं बोट लागते, तिथून जूनमध्ये पाणी खाली दिसेनासं होतं. उतार थोडा सौम्य असेल तर काठच शे-दीडशे मीटर सरकतो, आणि मधे राहतो तो गुडघाभर चिखल. अशा काठावर पक्की उपसा-टाकी बांधली तर ती चार महिने बुडते आणि चार महिने पाण्यापासून लांब डोंगरावर एकटी राहते. शहरात बसून काढलेला नकाशा इथं पहिल्याच मोसमात वाया जातो. मैला उपसणारा टँकर तिथं पोचण्याचा प्रश्नच नाही. टँकर पोचला असता तर रुग्णही गाडीनंच आणला असता.

म्हणून मी कोरड्या, वेगळं करणाऱ्या संडासाच्या बाजूचा आहे. बैठकीतच लघवी पुढच्या खाचेतून एका कॅनमध्ये जाते आणि शौच मागच्या डब्यात पडतं. दर वेळी वरून मूठभर राख किंवा लाकडाचा भुसा. दोन्ही एकत्र आले नाहीत तर वास निम्म्याहून कमी होतो, कारण दर्प मुख्यतः त्यांच्या मिसळण्यातून येतो. फ्लशचं पाणी नाही, त्यामुळे वजन नाही. त्याच दहा माणसांचा त्याच दिवसाचा हिशेब : लघवी आठ-दहा लिटर, शौच किलोभर, फार तर दोन किलो. वीस लिटरचा घट्ट झाकणाचा कॅन आणि एक बादलीवजा डबा. एका माणसाला हातात धरून चिखल तुडवत, फळीवरून, चढण चढून नेता येईल एवढंच ओझं. पाणी कुठंही असो, कॅन काठावर जातो.

परदेशी नमुना मात्र जसाच्या तसा उचलू नये. तो कागदानं पुसणाऱ्यांसाठी केलेला आहे. आपण पाण्यानं धुणारी माणसं. धुण्याचं पाणी शौचाच्या डब्यात गेलं की कोरडेपणा संपला, माश्या आणि अळ्या सुरू. त्यामुळे तिसरी खाच लागते, थोडं बाजूला सरकून धुण्यासाठी, आणि त्या पाण्याला तिसरा कॅन. हेही पाणी नदीत नाही. त्यात जंतू असतात. तमिळनाडूत मुसिरीला अशा तीन खाचांचे सार्वजनिक संडास चालवून दाखवलेले आहेत, तेव्हा हे आपल्या लोकांना जमणार नाही हे म्हणणं खोटं आहे. बसायचं की उकिडवं, यावर वाद होईल. हलत्या बोटीत माझं मत बसायच्या बाजूनं आहे, पुरुषांनी लघवीसाठीसुद्धा. दोन्ही बाजूंना धरायला दांड्या, दार बाहेर उघडणारं, कडी आतून पण संकटात बाहेरूनही निघेल अशी. पाळीच्या कापडासाठी झाकणाचा वेगळा डबा. हा डबा नकाशात सहसा विसरला जातो, कारण नकाशा काढणारा पुरुष असतो. आणि खोपटं उंच नको, बोट चालवणाऱ्याला मागचं दिसलं पाहिजे आणि वारा लागून बोट कलायला नको.

राखेची आपल्याला काय कमी? कपाशीच्या पऱ्हाट्या चुलीत जातात, राख उकिरड्यावर. ती चाळून डब्यात भरली की काम झालं. राख क्षारी असते, ओल शोषते आणि जंतू मारायलाही मदत करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कोरडा मैला आपल्यासारख्या उष्ण हवेत वर्षाहून जास्त साठवून ठेवला, तर तो शेतात वापरण्याजोगा सुरक्षित होतो. म्हणजे काठावर काय लागतं? १३८.६८ च्या रेषेच्या चांगलं वर, ओढ्या-झऱ्यापासून लांब, छपराखाली दोन कोरडे हौद. एक भरायचा, एक मुरायला ठेवायचा. धुण्याच्या पाण्याला लहान शोषखड्डा. लघवी साठवून, पाण्यात पातळ करून बांधावर. रावेर-यावलच्या केळीवाल्यांना युरियाचे भाव पाठ असतात, त्यांना यातला नत्र समजावून सांगायला नको. सातपुड्यातल्या शेतकऱ्यानं तो वापरायचा की नाही, हे मात्र त्याच्यावर सोडावं. शासनाचा खत-प्रचार अंगावर आला की लोक चांगल्या गोष्टीलाही लांब पळतात.

यावर एक आक्षेप मला दर वेळी ऐकावा लागतो, आणि तो फालतू नाही. तापी, गिरणा, पांझरा, गोमाई ही आपल्या नद्यांची नावं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत होती. ती काही नावाड्यांनी तिथं घातली नाहीत. शहरांचे नाले थेट नदीत जातात आणि तुम्ही बोटीतल्या दहा माणसांची लघवी कॅनमध्ये भरायला सांगता? प्रमाणाचा विचार केला तर आक्षेप बरोबर आहे. नदी वाचवायची एवढाच हेतू असता तर मी हा लेख नाल्यांवर लिहिला असता. पण बोटीतल्या संडासाचा पहिला लाभार्थी नदी नाही. पाण्याची बाटली न उघडणारी ती बाई आहे. आणि घाण लिटरमध्ये मोजून भागत नाही, कुठं पडते तेही बघावं लागतं. हगवणीच्या रुग्णाची एक बादली पाणवठ्याशेजारी, साचलेल्या पाण्यात पडली तर शहराच्या नाल्याशी तिची तुलना करून त्या पाड्याला काय मिळणार?

दुसरी सूचना असते की रेल्वेसारखी जैविक टाकी बोटीलाही लावा. मोठ्या, एका जागी उभ्या राहणाऱ्या नौकेला ती कदाचित चालेल. लहान बोटीत ती पुरेशी मोठी बसत नाही, बोट आठवडाभर उभी राहिली की जिवाणूंची उपासमार, आणि मतदानाच्या दिवशी एकदम तीस माणसं आली की अपचन. शिवाय तिच्यातून बाहेर पडणारं पाणी पिण्याच्या जलाशयात सोडण्याइतकं शुद्ध नसतं. कोणी विक्रेता कागद दाखवून शुद्ध आहे म्हणाला, तर त्याच्या समोर ग्लास धरावा.

हतनूर, प्रकाशा, सारंगखेडा इथल्या हौशी फेऱ्यांचं वेगळं सांगायला नको. वीस मिनिटांच्या फेरीला बोटीत संडास लागत नाही, घाटावर लागतो. पाणी असलेला, कुलूप नसलेला, यात्रेच्या दिवशीसुद्धा. तेवढं केलं तरी पुष्कळ. नियम सगळ्यांना सरसकट लावले तर गरीब नावाडी दंडात सापडतो आणि सरकारी बार्ज सुटतो, हा अनुभव कुठल्याही खात्याचा सारखाच. वल्ह्याच्या होडीला यातून वगळा. तासाभराहून लांब जाणारी, सरकारी पैशातून घेतलेली किंवा भाड्यानं लावलेली यांत्रिक बोट, इथून सुरुवात करा.

राहता राहिला तो कॅन उचलणारा माणूस. सगळी योजना त्याच्यापाशी येऊन थांबते, आणि आपल्या समाजात तो कोण असेल हे न विचारताच ठरलेलं असतं. हातानं मैला उपसायला लावणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, मग ती टाकी जमिनीत असो की बोटीत. माणसाला आत वाकून खरवडावं लागेल अशी कुठलीही टाकी बोटीवर येता कामा नये, हा कोरड्या डब्याच्या बाजूचा माझा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. डबा बंद झाकणानं उतरतो, हौदावर उपडा होतो, राखेनं घासून उन्हात वाळतो. तरीही हे काम कोणीतरी करायचं आहे. ते बोटीच्या नोकरवर्गाच्या कामाच्या यादीत, पाळीपाळीनं, बोट चालवणारा सारंग धरून सगळ्यांच्या नावावर लिहिलेलं असावं. 'किरकोळ कामे' या सदरात ढकलून गावातल्या एकाच घरावर सोडलेलं नसावं. हातमोजे, गमबूट, साबण आणि दर फेरीचा भत्ता डिझेलच्या खर्चाशेजारीच मांडावा. पुढच्या वेळी बोटीची निविदा निघेल तेव्हा इंजिनाच्या हॉर्सपॉवरच्या आधी काठावरच्या दोन हौदांची जागा, गट क्रमांकासह, भरलेली असावी. तो रकाना कोरा असेल तर त्या निविदेवर सही होऊ नये, आणि ही अट घालण्यासाठी मंत्रालयात जावं लागत नाही. जिल्हा परिषदेच्या एका ठरावात ती बसते.